विस्कॉन्सिनचं शेती विद्यापीठ कुणाच्या पैशावर चालतं?

गावच्या डेअरीत दूध घालणाऱ्याला फॅट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नमुना घ्यायचा, त्यातली स्निग्धता मोजायची आणि त्यावर दर लावायचा, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी कुणीतरी शोधून काढली असेल हे मनातही येत नाही. १८९० पर्यंत अमेरिकेत दूध नुसत्या वजनावर किंवा मापावर विकलं जायचं. पाणी घालणाऱ्यालाही तोच भाव आणि दाट दूध आणणाऱ्यालाही तोच. त्या वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञानं एक सोपी रीत जाहीर केली. मापून घेतलेल्या दुधात सल्फ्युरिक आम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेली चरबी बाटलीच्या मानेवरच्या खुणांवर वाचायची. त्यानं या शोधाचं पेटंट घेतलं नाही. पुढे स्वित्झर्लंडच्या निकोलाउस गर्बरची याच तत्त्वावरची पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या डेअऱ्यांत इलेक्ट्रॉनिक मशीन येण्याआधी त्याच गर्बरच्या नळ्या होत्या.

बॅबकॉकला पगार कोण देत होतं? कुठली डेअरी नव्हे, कुठली कंपनीही नव्हे. राज्य सरकारनं काढलेलं आणि केंद्र सरकारच्या पैशानं बळकट झालेलं एक प्रयोग केंद्र होतं आणि ते विद्यापीठाच्या आवारात होतं. ही रचना अमेरिकेतल्या ‘लँड-ग्रँट’ विद्यापीठांची ओळख आहे. सरकारी जमिनीच्या दानातून सुरू झालेल्या या व्यवस्थेत आज शंभराहून अधिक विद्यापीठं आणि महाविद्यालयं आहेत. त्यांची कामं तीन: शिकवणं, शेतीवर संशोधन करणं आणि ते संशोधन शेतकऱ्याच्या बांधावर नेणं. त्यांच्या पैशाचा हिशोब बाहेरच्याला चक्रावून टाकतो, कारण तो एका कायद्यानं ठरलेला नाही. दीडशे वर्षांत एकावर एक कायदे येत गेले आणि प्रत्येकानं वेगळी थैली उघडली. मी विस्कॉन्सिनचं उदाहरण धरून ते उलगडणार आहे, कारण या व्यवस्थेतलं चांगलं आणि वाईट दोन्ही त्या एका राज्यात दिसतं.

जमीन कुणाची, विद्यापीठ कुणाचं

जस्टिन मॉरिल हा व्हरमाँट राज्याचा खासदार. लोहाराचा मुलगा, पंधराव्या वर्षी शाळा सुटलेला. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावं म्हणून त्यानं १८५७ मध्ये एक विधेयक मांडलं. संसदेनं ते १८५९ मध्ये मंजूर केलं, पण अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. मग यादवी युद्ध पेटलं, विरोध करणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे खासदार संसदेतून निघून गेले आणि २ जुलै १८६२ ला लिंकन यांनी सही केली.

कायदा असा: राज्याचे संसदेत जितके सदस्य, तितक्या गुणिले ३०,००० एकर सरकारी जमीन त्या राज्याला. ती विकायची, आलेली रक्कम गुंतवायची आणि फक्त व्याजावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं महाविद्यालय चालवायचं. यात एक अट फार महत्त्वाची होती. या पैशातून इमारत बांधायची नाही, ती राज्यानं स्वतःच्या खिशातून उभारायची. ‘आम्ही देतो, पण तुमचाही वाटा हवा’ हे सूत्र इथे पहिल्यांदा आलं आणि पुढच्या अनेक कायद्यांत ते वेगवेगळ्या रूपात भेटतं.

विस्कॉन्सिनचे तेव्हा दोन सिनेटर आणि सहा प्रतिनिधी होते. म्हणजे २,४०,००० एकर. राज्यानं ती घाईनं, एकरी सव्वा डॉलरच्या आसपास विकून टाकली आणि हातात आले सुमारे ३ लाख डॉलर. न्यूयॉर्कच्या वाट्याला सुमारे ९ लाख ९० हजार एकर आले. पण न्यूयॉर्कमध्ये वाटायला सरकारी जमीनच नव्हती, म्हणून त्याला जमिनीच्या हक्काचे कागद मिळाले. तारयंत्राच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एझ्रा कॉर्नेल यानं ते कागद घेतले आणि त्यावर जमीन निवडली ती विस्कॉन्सिनच्या वायव्येकडच्या पाइनच्या जंगलात, सुमारे ५ लाख एकर. त्यानं विकायची घाई केली नाही. लाकडाचा भाव चढेपर्यंत थांबून झालेल्या विक्रीतून कॉर्नेल विद्यापीठाला सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. विस्कॉन्सिनच्या मातीतून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठापेक्षा न्यूयॉर्कच्या विद्यापीठानं कितीतरी पट जास्त कमावलं.

आणि ती माती मुळात दोघांचीही नव्हती. ती ओजिब्वे, मेनॉमिनी, हो-चंक यांसारख्या मूळ रहिवाशांची. तह करून, बऱ्याचदा दडपणाखाली, ती त्यांच्याकडून काढून घेतलेली. २०२० मध्ये पत्रकार आणि इतिहासकारांनी एकेका भूखंडाचा माग काढला तेव्हा दिसलं की या कायद्याखाली वाटलेली सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन जवळपास अडीचशे जमातींकडून आलेली होती. त्या जमातींच्या स्वतःच्या महाविद्यालयांना ‘लँड-ग्रँट’ दर्जा मिळायला १९९४ उजाडावं लागलं. विस्कॉन्सिनमधली मेनॉमिनी नेशनचं महाविद्यालय आणि लॅक कूर्त ओरेय ओजिब्वे विद्यापीठ ही दोन त्यांतली. त्यांना जमीन नाही मिळाली, वार्षिक निधी मिळाला आणि तो मोठ्या विद्यापीठांच्या मानानं फार तोकडा आहे. या व्यवस्थेचं कौतुक करताना हे आधी सांगितलं नाही तर ते कौतुक खोटं ठरेल असं मला वाटतं.

शिकवायचं काय?

महाविद्यालयं तर उघडली, पण वर्गात सांगण्यासारखं पारखून घेतलेलं ज्ञानच फारसं नव्हतं. कुठल्या मातीत कोणतं खत, कोणत्या गाईला कोणता चारा, याची उत्तरं युरोपातल्या पुस्तकांत होती आणि ती अमेरिकेच्या मातीला लागू पडतीलच असं नव्हतं. शेतकरी आपली पोरं तिकडे पाठवायला तयार नसायचे. कनेक्टिकट राज्यानं १८७५ मध्ये पहिलं सरकारी प्रयोग केंद्र काढलं, विस्कॉन्सिननं १८८३ मध्ये. मग मिझुरीचे खासदार विल्यम हॅच यांच्या नावाचा कायदा २ मार्च १८८७ ला आला आणि केंद्र सरकार प्रत्येक राज्याच्या प्रयोग केंद्राला वर्षाला १५,००० डॉलर देऊ लागलं. बॅबकॉक विस्कॉन्सिनला आला तो याच सुमारास.

हॅच कायद्याचा पैसा आजही चालू आहे. अलीकडच्या वर्षांत तो देशभरात सुमारे साडेसव्वीस कोटी डॉलर असतो. राज्यांना तो मागावा लागत नाही. तो सूत्रानं वाटला जातो: काही भाग सर्व राज्यांना सारखा, निम्म्याहून थोडा जास्त भाग ग्रामीण आणि शेतकरी लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि किमान पाव भाग अनेक राज्यांनी मिळून करायच्या कामांसाठी. कीड राज्याची सीमा बघून थांबत नाही, म्हणून हा शेवटचा पाव भाग. राज्याला मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे राज्यानं किमान एक डॉलर घालायचा असतो. बहुतेक राज्यं त्याहून कितीतरी जास्त घालतात.

यातून होतं काय, ते प्राध्यापकाच्या नेमणुकीत दिसतं. अशा विद्यापीठात एखाद्या कीटकशास्त्रज्ञाची नेमणूक तुकड्यांत असू शकते: निम्मा वेळ संशोधन, तिसरा हिस्सा विस्तार, म्हणजे संशोधन बांधावर नेणं, उरलेला वेळ शिकवणं. पगाराचे तुकडेही त्याप्रमाणे वेगवेगळ्या थैल्यांतून येतात. सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगाचं शेत आणि संध्याकाळी एखाद्या काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्हा-तालुक्याच्या मधलं प्रशासन) बटाटा उत्पादकांची बैठक, असा दिवस एकाच माणसाचा असतो. शेतात काय बिघडलंय ते त्याला कागदावरून कळत नाही, समोर बसलेल्या माणसाकडून कळतं.

ऐकून नाही, करून बघून

प्रयोग केंद्राचे अहवाल छापले जात होते, पण ते वाचणार कोण? विस्कॉन्सिननं १८८५ पासून गावोगाव शेतकरी मेळावे भरवले आणि हिवाळ्यात शेतीचं काम नसताना तरुणांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू केला. दक्षिणेत सीमन नॅप या कृषितज्ज्ञानं वेगळी वाट काढली. टेक्ससमध्ये कापसावर बोंड पोखरणाऱ्या भुंग्याचं थैमान होतं. १९०३ मध्ये टेरेल गावात त्यानं सरकारी फार्मवर प्रयोग न करता एका शेतकऱ्याच्याच रानात करायला लावला. तोटा झालाच तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी आधीच पैसे काढून ठेवले होते. तोटा झाला नाही. माणूस ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, स्वतः केलेल्यावर घेत नाही, हे नॅपचं म्हणणं होतं आणि पीक प्रात्यक्षिक नावाची जी गोष्ट आज आपल्या तालुक्यातही होते तिचं मूळ तिथे आहे.

१९०६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी संस्थेतून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या कल्पनेतली एक घोडागाडी निघाली. तीत अवजारं, बियाणं, दूध घुसळायची यंत्रं. ती कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर जायची, कारण ते शेतकरी गोऱ्यांच्या मेळाव्यांना बोलावले जात नव्हते. १९१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओनायडा काउंटीत राज्याचा पहिला काउंटी एजंट, म्हणजे काउंटीत राहून विस्ताराचं काम करणारा माणूस, रुजू झाला, तो मोटरसायकलवर फिरायचा.

या सुट्या प्रयत्नांना ८ मे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं एक चौकट दिली. कृषी विस्तार विद्यापीठाकडे द्यायचा आणि त्याचा खर्च तिघांनी मिळून करायचा: केंद्र सरकार, राज्य सरकार आणि काउंटी. विस्कॉन्सिनमध्ये ७२ काउंट्या आहेत आणि सगळीकडे विस्ताराचं कार्यालय आहे. जागा, कार्यालयाचा खर्च आणि एजंटच्या पगाराचा काही भाग काउंटी देते. काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाची एक समिती दरवर्षी विस्ताराच्या कामाचा आणि खर्चाचा आढावा घेते. केंद्राचा या कायद्याखालचा पैसा आज देशभरात साडेबत्तीस कोटी डॉलरच्या आसपास आहे. मोठं शहर असो वा चार हजारांची काउंटी, मातीपरीक्षण, फळबाग, पोषण, मुलांना शेती-घरकामाची कौशल्यं शिकवणारे फोर-एच क्लब, अशी कामं याच कार्यालयातून होतात.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा गाभा तिसऱ्या भागीदारात आहे. केंद्र आणि राज्य पैसे देतात ते धोरण म्हणून. काउंटीचे लोक देतात तेव्हा ते पुढच्या बैठकीत विचारतात, आमच्या पैशाचं काय केलंत?

एक मेलेली कालवड

ही साखळी चालते कशी, ते सांगायला १९३३ सालची एक घटना पुरते. १९२० च्या दशकापासून उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. शिंगं कापली की रक्त थांबत नसे, व्यायल्यावर गाय जात असे. कॅनडातल्या एका पशुवैद्यानं आणि नॉर्थ डकोटाच्या कृषी महाविद्यालयातल्या दुसऱ्यानं कारण चाऱ्यापर्यंत नेऊन पोचवलं होतं. स्वीट क्लोव्हर, म्हणजे लसूणघासाच्या कुळातला एक चारा, ओला राहून बुरसला की तो खाणाऱ्या जनावराचं रक्त गोठत नाही. उपाय साधा होता, बुरसलेला चारा घालू नका. पण महामंदीच्या हिवाळ्यात गरीब शेतकऱ्याकडे दुसरा चारा नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, हिमवादळात, वायव्य विस्कॉन्सिनचा एक शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गावी, आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि शंभर पौंड बुरसलेला चारा. त्याला सरकारी पशुवैद्याचं कार्यालय हवं होतं, ते बंद होतं. उघडं दार सापडलं ते जैवरसायन विभागाचं, कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचं. लिंक यांनीही त्या दिवशी चारा बदला, शक्य असेल तर चांगल्या जनावराचं रक्त द्या, याच्या पलीकडे काही सांगितलं नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. मात्र शेजारच्या विभागातले वनस्पती-पैदासकार कमी कडू स्वीट क्लोव्हर तयार करायच्या खटपटीत होते आणि त्यासाठी लिंक यांच्याशी त्यांचं बोलणं आधीच सुरू झालं होतं. तो कॅन बघून लिंक यांची प्रयोगशाळा कामाला लागली.

बुरसलेल्या चाऱ्यातला तो पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला १९३९ उजाडलं. सहा वर्षं. त्यातून डायकुमरॉल हे औषध झालं, मग १९४८ मध्ये त्याचाच एक भाऊबंद उंदीर मारायचं विष म्हणून बाजारात आला आणि १९५० च्या दशकात माणसांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वापरला जाऊ लागला. तेच वॉरफरिन. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या लाखो रुग्णांनी ते घेतलं आहे, आपल्याकडच्याही. नावातलं ‘वॉर्फ’ म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये काढलेली संस्था. विद्यापीठातल्या शोधांची पेटंटं ती सांभाळते आणि मिळालेलं उत्पन्न संशोधनाला परत देते.

या घटनेत नशिबाचा भाग आहे हे खरं. पण शनिवारी दार उघडं असणं, आत शेतीच्या प्रश्नावर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ असणं, शेजारी चाऱ्याच्या जाती घडवणारे असणं आणि सहा वर्षं कुणी ‘निकाल दाखवा’ म्हणून काम बंद न करणं, हे नशीब नव्हतं. ते पन्नास वर्षं नियमित येणाऱ्या पैशानं घडलं होतं.

दोन प्रकारचा पैसा

अमेरिकेच्या कृषी खात्याची राष्ट्रीय अन्न व कृषी संस्था हा पैसा वाटते. तिच्या थैलीत दोन कप्पे आहेत. एक सूत्रानं मिळणारा, ज्याबद्दल वर सांगितलं. दुसरा स्पर्धेचा: शास्त्रज्ञानं प्रस्ताव लिहायचा, तज्ज्ञांनी तो तपासायचा, थोडे निवडायचे, बाकीचे परत. या दुसऱ्या कप्प्यातला मुख्य कार्यक्रम २००८ च्या कायद्यानं आला. त्याला वर्षाला ७० कोटी डॉलरपर्यंत देता येतील असं कायद्यात लिहिलं आहे, प्रत्यक्षात अलीकडे मिळतात साडेचव्वेचाळीस कोटींच्या आसपास.

स्पर्धा वाईट नाही. तिच्यामुळे नव्या कल्पनांना वाव मिळतो, बसून पगार खाणाऱ्याला जागं व्हावं लागतं. पण स्पर्धेचं अनुदान साधारण तीन ते पाच वर्षांचं असतं. सफरचंदाच्या झाडाला फळ धरून त्याचा अंदाज येईपर्यंत ते संपतं. इलिनॉय विद्यापीठात १८७६ पासून चालू असलेला मक्याचा एक प्रयोग आहे, मॉरो प्लॉट्स नावाचा. एकच पीक वर्षानुवर्षं घेतलं तर जमीन कशी उतरते आणि फेरपालट केला तर कशी टिकते, हे तिथे दीडशे वर्षांच्या आकड्यांत दिसतं. त्या शेतावर सावली पडू नये म्हणून १९६० च्या दशकात विद्यापीठानं शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. असा प्रयोग कुठल्याही पाच वर्षांच्या प्रस्तावात बसत नाही. स्पर्धेचा पैसा टँकरसारखा आहे, आला की घागरी भरतात. सूत्राचा पैसा म्हणजे विहिरीचा झरा. पिकाची आखणी झऱ्याच्या भरवशावरच करता येते.

राज्यं स्वतःही थेट पैसे देतात. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानं २०१९ मध्ये दुग्ध संशोधनासाठी वर्षाला ७८ लाख डॉलर मंजूर केले. निम्म्याहून थोडे जास्त मॅडिसनला, बाकीचे प्लॅटव्हिल आणि रिव्हर फॉल्स इथल्या विद्यापीठांना. शेतकरीही देतात. सोयाबीन विकताना दर शंभर डॉलरमागे अर्धा डॉलर कायद्यानं कापला जातो, त्यातला अर्धा राज्याच्या मंडळाकडे राहतो आणि काही भाग विद्यापीठांतल्या प्रयोगांना जातो. बटाट्यासाठी हॅनकॉकच्या रेताड जमिनीवरच्या संशोधन केंद्रात उत्पादक संघटनेचा पैसा लागलेला आहे.

आणि पैसा आटला की काय होतं तेही विस्कॉन्सिननं पाहिलं आहे. २०१५ च्या अर्थसंकल्पात राज्यानं आपल्या विद्यापीठांच्या निधीत दोन वर्षांसाठी २५ कोटी डॉलरची कपात केली. विस्ताराची घडी मोडून नवी बसवावी लागली. जिथे एका काउंटीला एक शेती एजंट होता तिथे अनेक काउंट्यांना मिळून एक, अशी वेळ आली. शेतकऱ्याला ओळखणारा माणूस निवृत्त झाला की ती जागा रिकामी राहायची. देशपातळीवरही तेच. महागाई वजा केली तर अमेरिकेतला कृषी संशोधनावरचा सार्वजनिक खर्च २००२ च्या शिखरापासून २०१९ पर्यंत सुमारे एक तृतीयांशानं घसरला. गंमत म्हणजे अमेरिकेच्याच कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज सांगतो की विसाव्या शतकापासून या खर्चातल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला सरासरी २० डॉलरचा फायदा झाला. फायदा मिळायला वीस-तीस वर्षं लागतात आणि निवडणूक दर दोन वर्षांनी येते, एवढंच त्याचं उत्तर.

कुणासाठी?

सार्वजनिक पैसा असला म्हणून सगळ्यांचं भलं होतंच असं नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात १९५०-६० च्या दशकात टोमॅटो काढणारं यंत्र तयार झालं आणि त्या यंत्राचा मार सोसेल असा घट्ट सालीचा टोमॅटोही. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याची योजना १९६४ मध्ये बंद झाली आणि यंत्र झपाट्यानं पसरलं. ते महाग होतं, मोठ्यांनाच परवडलं. १९६० च्या सुरुवातीला सुमारे ४,००० असलेले टोमॅटो उत्पादक १९७३ पर्यंत ६०० च्या आसपास उरले. हजारो मजुरांचं काम गेलं. १९७९ मध्ये मजुरांच्या बाजूनं विद्यापीठावर खटला भरला गेला. मुद्दा हाच, की हॅच कायद्याचा पैसा गावाच्या भल्यासाठी आहे, तो मूठभरांच्या नफ्यासाठी कसा वापरता? खालच्या न्यायालयानं तो मुद्दा काही अंशी मानला, वरच्यानं फिरवला. कायद्यानं विद्यापीठ जिंकलं. प्रश्न मात्र योग्य होता, आणि सरकारी पैसा कमी होऊन कंपन्यांचा वाढत असताना तो आज जास्तच टोकदार झाला आहे.

दुसरी जखम वर्णभेदाची. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यानं राज्यांना सांगितलं, कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं महाविद्यालय काढा. दक्षिणेनं वेगळी काढली. अशी आज १९ आहेत. गोऱ्या विद्यापीठाला राज्याचा वाटा पूर्ण मिळायचा, यांना अर्धवट, कारण राज्य आपला वाटा न भरायची सूट मागून घ्यायचं. २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यपालांना पत्र लिहून सांगितलं की तीन दशकांत या विद्यापीठांचे १२ अब्ज डॉलरहून जास्त बुडाले. बरोबरीचा वाटा घालायची अट चांगली, पण न घालणाऱ्याला शिक्षा नसेल तर काय होतं त्याचं हे उदाहरण.

राहुरी आणि मॅडिसन

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धाच्या आधी ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या अशाच कृषी महाविद्यालयांत शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलं. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांचा आग्रह धरला, १९५५ आणि १९५९ मध्ये भारतीय-अमेरिकी तज्ज्ञांच्या पथकांनी लँड-ग्रँट धर्तीची कृषी विद्यापीठं सुचवली आणि १९६० मध्ये पंतनगरला पहिलं उभं राहिलं. तिथेही आधी जमीन दिली गेली, तराईतल्या सरकारी फार्मची सुमारे १६,००० एकर. मग एकेका राज्याला एकेका अमेरिकी विद्यापीठाची साथ मिळाली. पंजाबला ओहायोची, आंध्रला कॅन्ससची, महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनियाची. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झालं, अकोला १९६९ मध्ये, दापोली आणि परभणी १९७२ मध्ये.

संशोधनात ही विद्यापीठं मागे पडली असं मी म्हणणार नाही. पाडेगावच्या केंद्रानं महाराष्ट्रासाठी शिफारस केलेला को ८६०३२ ऊस आणि राहुरीचं भगवा डाळिंब यांनी किती घरं उभी केली ते सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यात विचारा. शिक्षण आणि संशोधन आपण विद्यापीठाकडे दिलं. विस्तार मात्र राज्याच्या कृषी विभागाकडेच राहिला. कृषी सहाय्यक (आताचा सहायक कृषी अधिकारी) विद्यापीठाचा नोकर नाही. त्याच्या हातात योजनांचे अर्ज, पंचनामे, पीक पाहणीचे आकडे. शेतात दिसलेला रोग विद्यापीठातल्या रोगशास्त्रज्ञापर्यंत नेणं हे त्याच्या कामात नावापुरतंच येतं.

ही फट भरायला कृषी विज्ञान केंद्रं आली. पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीत, आज देशात ७०० हून अधिक. बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव इथली केंद्रं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहेत. कल्पना काउंटी कार्यालयाच्या जवळची आहे. पण एका केंद्रात विषयतज्ज्ञ असतात सहा आणि कार्यक्षेत्र असतं अख्खा जिल्हा किंवा त्याचा मोठा भाग. आणि पैसा? तो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून, म्हणजे दिल्लीहून येतो. जिल्हा परिषदेला स्वतःची कृषी समिती आहे, तिला सभापती आहे, सेस फंड आहे, पण कृषी विज्ञान केंद्राच्या खर्चात तिचा हात नाही. म्हणून तिथल्या बैठकीत कुणी उठून विचारत नाही की आमच्या तालुक्यात सलग तीन हंगाम कांद्यावर करपा पडला, तुम्ही यंदा कुठला प्रयोग लावलात?

मला विस्कॉन्सिनकडून एवढीच गोष्ट उचलावीशी वाटते. जिल्हा परिषदेनं सेस फंडातून कृषी विज्ञान केंद्राच्या एका प्रयोगाचा अर्धा खर्च उचलावा, प्रयोग कुठला ते शेतकऱ्यांच्या बैठकीत ठरावं आणि निकाल, फसला असला तरी, त्याच बैठकीत मांडला जावा. यासाठी नवा कायदा लागणार नाही, मोठी रक्कमही लागणार नाही. एका जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल, आणि मी तरी ती कांदा किंवा डाळिंब पिकवणाऱ्या जिल्ह्यापासून करेन, कारण तिथले शेतकरी आजही स्वतःच्या खर्चानं प्रयोग करून एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल कळवत आहेत.